टाकाऊ वस्तूंमधून रंग शिकायचेत? मग ब्रश बाजूला ठेवा

टाकाऊपासून टिकाऊ म्हटलं की आपल्याकडे ठरलेलं असतं, कोल्ड्रिंकची बाटली कापायची, तिला ॲक्रेलिक रंग मारायचा, कडेनी लेस लावायची आणि झाला पेनस्टँड. मुलांचे हात चालतात, शाळेत मार्क मिळतात, छानच आहे. पण मला इथे जे सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. कुठला रंग कुणाशेजारी उठून दिसतो, कुठला मरतो, दोन लाल एकमेकांशी का भांडतात, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळायला हवं असेल तर घरातला सुका कचरा हे त्यासाठी फार भारी साहित्य आहे, आणि त्याची अट एकच, त्यावर रंग मारायचा नाही. वस्तूचा जो रंग आहे तोच ठेवायचा.

कारण असं की रंगपेटी हातात असली आणि जमेनासं झालं की आपण थोडा पांढरा घालतो, थोडा पिवळा घालतो, ढवळतो आणि पुढे जातो. बाटलीच्या झाकणात पांढरा घालता येत नाही ना. हवा तो गुलाबी मिळाला नाही तर जो गुलाबी हातात आहे त्याच्या शेजारी काय ठेवलं म्हणजे तो हवा तसा दिसेल हे शोधत बसावं लागतं, दहा गोष्टी ठेवून बघाव्या लागतात, आणि या ठेवून बघण्यातच डोळा तयार होतो.

हे करून मोठी झालेली माणसं जगात आहेत. टोनी क्रॅग नावाच्या ब्रिटिश शिल्पकाराने १९७८ मध्ये जर्मनीतल्या वुप्परताल गावी सापडलेले प्लास्टिकचे तुकडे, तुटकी खेळणी, झाकणं, डब्यांचे कपचे असं सगळं जमिनीवर एका चौकटीत मांडलं, एका टोकाला लाल आणि मग नारिंगी, पिवळा, हिरवा करत दुसऱ्या टोकाला जांभळा, म्हणजे न्यूटनच्या वर्णपटाचाच क्रम. कुठलाही तुकडा रंगवलेला नाही. आणि आफ्रिकेतला एल अनात्सुई, जन्म घानाचा पण कामाची वर्षं नायजेरियातल्या न्सुक्का गावात गेली, तो दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं आणि गळ्यावरच्या पट्ट्या चपट्या करून तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतो आणि भिंतभर मोठे पडदे करतो, लांबून बघितलं तर जरीचं कापड वाटावं. त्याला २०१५ मध्ये व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला. त्याच्या कामातला लाल, सोनेरी, काळा हा त्या त्या दारूच्या ब्रँडचाच रंग असतो. आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं रॉक गार्डन, नेकचंद सैनी हे सरकारी बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते, त्यांनी कुणाला न सांगता वर्षानुवर्षं फुटक्या टाइल्स, फुटक्या कपबश्या, काचेच्या बांगड्या जमवून पुतळे केले, १९७६ ला ते लोकांसाठी उघडलं. तिथल्या बाहुल्यांच्या अंगावरचे कपडे म्हणजे बांगड्यांचे तुकडे आहेत, कधी गेलात तर जवळ जाऊन बघा.

गोळा काय करायचं

पहिले काही आठवडे काही बनवायचं नाही, फक्त जमवायचं. एक मोठी पिशवी किंवा खोका ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कामवाल्या मावशी प्रामाणिकपणे सगळं कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकतील. बाटल्यांची झाकणं, टूथपेस्टची टोपणं, संपलेली पेनं, स्केचपेनची टोपणं, तुटके कपडे वाळवायचे चिमटे, बटणं, चिप्स बिस्किटांची पाकिटं, दुधाच्या पिशव्या (कापून धुऊन दोरीवर वाळवा, नाहीतर दोन दिवसात वास मारतो), साबणाची खोकी, मेंदीचे कोन, तुटके कंगवे, खेळण्यांचे भाग. लग्नपत्रिका तर अजिबात टाकू नका, इतका जाड आणि इतक्या छटांचा लाल, आमसुली, सोनेरी कागद विकत घ्यायला गेलात तर महाग पडेल. शिंप्याकडे पाच मिनिटं थांबलात तर ब्लाऊजच्या कापडाच्या चिंध्या पिशवीभर मिळतात, तो टाकूनच देणार असतो. इलेक्ट्रिशियन घरी आला तर वायरचे तुकडे मागून घ्या, लाल, पिवळी, निळी, हिरवी, काळी अशा ठाम रंगांच्या वायर असतात, रेषा काढायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. दिवाळी झाली की फाटलेला आकाशकंदील आणि गणपतीनंतर मखराचं उरलेलं सामान, त्यातला जिलेटिन पेपर जपून काढून ठेवा, त्याचं मोठं काम पुढे आहे.

वाढलेल्या काचेच्या बांगड्याही घ्या, पण त्या वेगळ्या डब्यात आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. नुसत्या हिरव्या बांगड्यांमध्ये किती हिरवे असतात ते एकदा डबा उपडा करून बघाच.

काही गोष्टी घ्यायच्याच नाहीत. बॅटरीचे सेल, ट्यूबलाइट, सीएफएल, सुया, औषध शिल्लक असलेल्या पट्ट्या, कीटकनाशकाचे किंवा ॲसिडचे डबे. यात चर्चा नाही.

धुणं कंटाळवाणं आहे पण टाळू नका, धुळीचा थर सगळ्या रंगांना एकच करडा हात मारून जातो आणि मग तुम्ही धुळीचा अभ्यास करत बसता. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, अर्धा तास भिजत. लेबलचा गोंद निघत नसेल तर त्यावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, मग बोटाने सुद्धा निघतो, नंतर परत साबणाने धुवा म्हणजे तेलकटपणा जाईल.

पहिला सराव, एकच रंग

आता खोका उपडा करा आणि फक्त लाल निवडा. म्हणजे तुमच्या मते जे जे लाल आहे ते सगळं. जमिनीवर जुना पांढरा पंचा किंवा चादर अंथरा आणि त्यावर हे लाल मांडा. वेगवेगळे असताना प्रत्येक वस्तू "लालच आहे की" वाटत होती, एकत्र आल्यावर एकदम दिसतं की यात काही शेंदरी आहेत, काही विटकरी, काही डाळिंबी, काही राणी कलरकडे झुकलेले, आणि एखादं झाकण तर सरळ नारिंगी आहे, ते लाल वाटत होतं कारण बाटलीचं बाकी लेबल पिवळं होतं. आता यांना ओळीत लावा, डावीकडे नारिंगीकडे झुकणारे, उजवीकडे गुलाबी-जांभळ्याकडे झुकणारे. मधल्या चार-पाच वस्तूंपाशी तुमचं घोडं अडेल. याच्या आधी तो की त्याच्या आधी हा, हे ठरता ठरत नाही कारण एक जास्त गडद असतो आणि एक जास्त मळका, म्हणजे रंगाला एकाच वेळी तीन गोष्टी असतात, तो कुठल्या बाजूला झुकतो, किती उजळ किंवा गडद आहे आणि किती भडक किंवा मंद आहे. चित्रकलेच्या पुस्तकात हे पहिल्याच प्रकरणात दिलेलं असतं आणि वाचून पुढे गेलं की विसरतं, पण वीस झाकणं ओळीत लावताना अडलेला माणूस ते विसरत नाही.

लाल झाला की पांढरा घ्या. हा माझा सगळ्यात आवडता सराव आहे आणि लोक तो टाळतात कारण पांढऱ्यात काय बघायचं असं वाटतं. दह्याचा डबा, औषधाच्या बाटलीचं झाकण, चार्जरची जुनी वायर, थर्माकोल, वहीचा कागद, वर्तमानपत्राची कोरी कड, साबणाच्या खोक्याची बाहेरची बाजू, शर्टाचं बटण, जुना बदललेला स्विच, अंड्याचं टरफल. सगळं शेजारी शेजारी ठेवा आणि खिडकीजवळ बसून बघा. एक पांढरा निळसर, एक मोतिया, एक चक्क गुलाबी, स्विच तर हस्तिदंती होऊन गेलाय, कारण ते प्लास्टिक उन्हाने, उष्णतेने वर्षानुवर्षं पिवळं पडत जातं. आणि कागद, ज्याला आपण पांढऱ्याचं माप समजतो, तो बऱ्याचदा निळसर निघतो कारण कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं केमिकल घालतात. हा पांढऱ्यांचा ढीग तसाच एका काळ्या पुठ्ठ्यावर मांडला तरी बघण्यासारखं काम होतं, हे मी खरंच सांगते.

डोळे बारीक करा, मग फोन काढा

दुसरी गोष्ट उजळपणाची. आपल्याला रंगाचं नाव आधी दिसतं आणि उजळपणा नंतर, त्यामुळे मांडणी फसते. तुम्ही लाल आणि हिरव्या झाकणांचं डिझाइन करता, जवळून एकदम जोरदार दिसतं, आणि दारातून बघितलं तर नुसता एक गोळा. हे तपासायला मांडणीचा फोटो काढा आणि एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्याचे निघाले असतील तर आकार विरघळणारच. पिवळा बहुतेक वेळा पांढऱ्याच्या जवळ जातो, जांभळा आणि गडद निळा काळ्याच्या जवळ.

मग असं करा, सगळ्या वस्तू रंगाकडे न बघता फक्त उजळ ते गडद अशा ओळीत लावा, आणि परत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून तपासा. पहिल्यांदा भडक रंग हमखास चुकीच्या जागी लागतात, कारण भडक रंग डोळ्याला आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. हळूहळू जमतं.

इथे एक बाजूची पण महत्त्वाची गोष्ट. हे मुलांबरोबर करत असाल आणि एखादा मुलगा लाल-हिरव्यात किंवा तपकिरी-हिरव्यात पुन्हा पुन्हा गोंधळत असेल तर त्याला "लक्ष कुठंय तुझं" म्हणून ओरडू नका. रंगांधळेपणाचा हा प्रकार जन्मतः असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये बराच जास्त असतो कारण त्याचा संबंध एक्स गुणसूत्राशी आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक साधी तपासणी होते. आणि अशी मुलं उजळ-गडदच्या ओळी कधीकधी बाकीच्यांपेक्षा अचूक लावतात, तेव्हा त्यांना ते काम द्या.

शेजार

आता खरी गंमत. साबणाचं किंवा टूथपेस्टचं खोकं उघडा, आतली बाजू बहुतेक करडी असते. त्यातून नखाएवढे दोन चौकोन कापा, एकाच पुठ्ठ्यातून, म्हणजे रंग शंभर टक्के सारखा. आता एक चौकोन ठेवा भडक नारिंगी पाकिटाच्या मोठ्या तुकड्यावर आणि दुसरा निळ्या पाकिटावर. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून हातभर लांबून बघा. नारिंगीवरचा करडा निळसर दिसतो, निळ्यावरचा करडा पिवळट. दिसत नसेल तर वरून बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर अंथरा, आश्चर्य वाटेल पण त्याने परिणाम अजून वाढतो. घरच्यांना बोलावून विचारा हे एकाच खोक्याचे आहेत का, कुणी पटकन हो म्हणणार नाही, मग चौकोन उचलून एकमेकांना चिकटवून दाखवा.

हे कुणी शोधलं तर शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टने. पॅरिसमध्ये गोबलँ म्हणून भिंतीवरचे पडदे विणायचा सरकारी कारखाना होता, तिथल्या रंगखात्याचा तो १८२४ पासून प्रमुख होता, आणि तक्रार आली की काळा धागा नीट काळा दिसत नाही, डाय खराब आहे. त्याने तपासलं तर डाय ठीक होता. काळ्याच्या शेजारी जो निळा-जांभळा धागा विणला होता तो काळ्याला मळका करत होता. त्यावर त्याने पुढे १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं आणि नंतरचे कित्येक चित्रकार त्यावर वाढले. मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे अनुभवाने माहिती असतं, साडीवर ठेवलेला ब्लाऊजपीस वेगळा दिसतो आणि घरी पिशवीतून काढल्यावर वेगळा.

यावरून मांडणीचा नियम असा काढता येतो. जी वस्तू उठून दिसायला हवी तिचा रंग बदलता येत नाही पण तिची पार्श्वभूमी तुमच्या हातात आहे. तुमच्याकडे एक मळका गुलाबी चिमटा आहे, त्याला हिरव्यांच्या मध्ये ठेवा, तो गुलाबी होईल. त्यालाच राणी कलरच्या पाकिटावर ठेवा, तो तपकिरी होऊन बसेल. प्रत्येक वस्तूला निदान तीन शेजारी देऊन बघितल्याशिवाय तिची जागा पक्की करायची नाही, एवढी सवय लावली तरी पुष्कळ झालं.

पिवळा अधिक निळा, दोन वेगळी उत्तरं

जिलेटिन पेपर जपून ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. पिवळा जिलेटिन आणि निळा जिलेटिन एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरा, हिरवा दिसतो. शाळेत शिकलो तसंच. आता पिवळ्या आणि निळ्या पाकिटांचे अगदी बारीक तुकडे करा, तांदळाएवढे, आणि एका पुठ्ठ्यावर दोन्ही मिसळून दाट चिकटवा, साधारण सारख्या प्रमाणात. जवळून पिवळे-निळे ठिपके दिसतील. आता तो पुठ्ठा भिंतीला लावून लांब जा, हॉलच्या दुसऱ्या टोकाला किंवा गॅलरीतून. ठिपके वेगळे दिसायचे बंद झाले की हिरवं काहीच दिसत नाही, राखाडी दिसतं.

असं का, तर जिलेटिन हा गाळणीचं काम करतो. पिवळा कागद निळा प्रकाश अडवतो, निळा कागद लाल प्रकाश अडवतो, दोन्हींतून गाळून उरतो तो हिरवा. बारीक तुकड्यांमध्ये कुणी कुणाला गाळत नाही, दोन्हींकडून आलेला प्रकाश डोळ्यात एकत्र होतो आणि त्याची सरासरी निघते, ती करडी येते. एकच दोन रंग, एकमेकांवर ठेवले तर एक उत्तर, शेजारी ठेवले तर दुसरं. टाकाऊ वस्तूंच्या कामात तुम्ही बहुतेक वेळा शेजारी ठेवणार असता, त्यामुळे खूप बारीक तुकडे आणि खूप वेगळे रंग एकत्र केले की लांबून सगळं राखाडी होणार हे आधीच धरून चाला. लोक म्हणतात इतके झगझगीत रंग वापरले तरी काम मळकट दिसतं, त्याचं कारण हे. उपाय म्हणजे तुकडे मोठे ठेवा, किंवा एका भागात जवळजवळचेच रंग ठेवा, पिवळ्यात पोपटी, पोपटीत हिरवा, म्हणजे सरासरी निघाली तरी जिवंत निघते.

याच विषयातली अजून एक गोष्ट, चिप्सचं किंवा बिस्किटाचं छापील पाकीट घ्या आणि भिंग लावून बघा. चित्रातला बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर हे सगळं बारीक ठिपक्यांचं केलेलं असतं, आकाशी, राणी, पिवळा आणि काळा. खोक्याच्या आतल्या घडीवर किंवा पाकिटाच्या जोडाजवळ एका ओळीत छोटे गोल किंवा चौकोन छापलेले असतात, ते बघितलेत का कधी? छापताना कुठकुठल्या शाया वापरल्या आणि त्या नीट जुळल्या का हे तपासायला ते असतात. चारच्या वर गोल असतील तर बहुतेक वेळा त्या कंपनीने स्वतःच्या खास रंगासाठी वेगळी शाई घेतलीय, आणि तो भाग भिंगातून बघितला तर ठिपके नसतात, सलग रंग असतो. म्हणून तो तुकडा कामात जास्त घट्ट दिसतो. माझ्याकडे हे गोलच कापून ठेवलेला एक डबा आहे, तयार रंगकोष्टक आहे ते.

आता काम करायला घ्या

इतकं झाल्यावर प्रत्यक्ष मांडणी. आधार म्हणून मोठ्या खोक्याचा पुठ्ठा, जुन्या कपाटाची प्लायवूडची फळी, साडीचा बॉक्स, काहीही चालेल, फक्त वाकायला नको. आकार पहिल्यांदा लहान ठेवा, वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा. विषय पाहिजेच असं नाही. पहिलं काम मी तर सांगेन एका रंगाचंच करा, त्यात एकच परका रंग, अगदी थोडा. सगळं निळं आणि त्यात एक शेंदरी टोपण. ते कुठे ठेवायचं हे ठरवताना तुमचे दोन तास जातील आणि ते सत्कारणी लागतील.

काहीही चिकटवायच्या आधी सगळं कोरडं मांडा, फोटो काढा, सतरंजीखाली सरकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात परत बघा. रात्री ट्यूबखाली अगदी जुळलेले दोन लाल दिवसा वेगळे निघू शकतात, कारण दोन वस्तूंतले रंगद्रव्य वेगवेगळे असले की एका प्रकाशात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्यात नाही. म्हणूनच साडी घेताना आपण दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघतो. ही सवय इथेही ठेवा, आणि काम शेवटी ज्या भिंतीवर लागणार आहे तिथल्या दिव्यात एकदा बघून मगच पक्कं करा.

चिकटवण्याचं नीट समजून घ्या. कागद, पुठ्ठा, कापड, लग्नपत्रिका यांना फेव्हिकॉल उत्तम. पण बाटल्यांची झाकणं, डबे, दुधाच्या पिशव्या हे ज्या प्लास्टिकचे असतात त्याला फेव्हिकॉल धरतच नाही, वाळल्यावर झाकण टपकन खाली पडतं, इन्स्टंट ग्लूनेही फार काळ टिकत नाही, ते प्लास्टिकच असं निसटतं की त्यावर गोंद पसरत नाही. ग्लू गनने थोडं बरं होतं, मागची बाजू सँडपेपरने खरवडून घेतली तर अजून बरं. सगळ्यात खात्रीचं म्हणजे छिद्र पाडून तारेने किंवा जाड दोऱ्याने शिवणे, अनात्सुईचं काम तारेवर उभं आहे ते उगाच नाही. छिद्र दाभणाने किंवा हाताच्या ड्रिलने पाडा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून. तापवलेल्या खिळ्याने पटकन होतं पण त्याचा धूर चांगला नसतो, घरात करू नका आणि मुलांसमोर तर नकोच. थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका, विरघळतो. तारेने बांधण्याचा अजून एक फायदा, उद्या मांडणी बदलावीशी वाटली तर तार सोडवून झाकणं परत मोकळी.

चमक हा वेगळा विषय आहे. चिप्सच्या पाकिटाची आतली बाजू चंदेरी असते, प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो तो. हा रंग म्हणून वापरू नका, आरसा म्हणून वापरा, कारण समोर जे असेल तेच तो दाखवतो. एखाद्या मंद भागाच्या बाजूला चंदेरी पट्टी उभी करून लावली तर ती शेजारच्या झाकणाचा रंग ओढून घेते आणि तो भाग उजळतो. पण सगळीकडे लावलात तर डोळा कुठेच ठरत नाही. काचेच्या बांगड्यांचंही तसंच, मागे पांढरा कागद असेल तरच त्यांचा रंग दिसतो, काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या की हिरव्या बांगड्या नुसत्या काळ्या. खिडकीत टांगल्या तर सगळ्यात छान.

सगळं बिनसल्यासारखं वाटलं तर गोधडी बघा

आणि इथे मला आपल्या गोधडीबद्दल बोलायचंच आहे. घरात जुनी गोधडी असेल तर ती काढा आणि अंगावर घ्यायच्या ऐवजी भिंतीवर टांगून दहा मिनिटं बघा. जुन्या नऊवारीचे, धोतराचे, परकराचे, कुणाच्या शर्टाचे तुकडे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, तरी सगळं एका घरातलं दिसतं. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती सगळी कापडं शेकडो वेळा धुतलेली असतात, उन्हात वाळलेली असतात, त्यामुळे सगळ्यांचा भडकपणा कमी होऊन एका पातळीवर आलेला असतो. आणि दुसरं, सगळीवर एकाच दोऱ्याचा धावदोरा, कडेपासून आत आत फिरत गेलेला. तो एक रंग प्रत्येक तुकड्यावर आहे. ज्या बायकांनी हे केलं त्यांच्या हातात निवडीला फारसं काही नव्हतं, आणि तरी कुठला तुकडा मध्ये घ्यायचा, काठ कुठे लावायचा, लाल किती अंतराने परत आणायचा याचा विचार शिवणीत दिसतो. हे आपल्याकडचं रंगाचं मोठं काम आहे आणि त्याला तसा मान मिळायला पाहिजे.

प्लास्टिक धुऊन मंद होत नाही, प्रत्येक झाकण ओरडतच असतं. म्हणून गोधडीचं दुसरं कारण उचलायचं, एक समान धागा. सगळ्या वस्तूंच्या मध्ये एकाच रंगाची फट सोडा, म्हणजे आधार काळा किंवा गडद करडा ठेवा आणि तो सगळीकडून थोडा थोडा दिसू द्या. किंवा एकाच रंगाच्या वायरने सगळं शिवा. किंवा दर थोड्या अंतराने पांढरं झाकण आणा. तीनपैकी एकच करा, तिन्ही केलं तर परत गोंधळ.

ऊन लागल्यावर काय होतं

काम झाल्यावर उन्हाच्या भिंतीवर लावू नका. छापील पाकिटांतला राणी आणि पिवळा आधी उडतो आणि निळा टिकतो, दुकानांवरची जुनी पोस्टरं निळी पडलेली असतात ती यामुळे. पण हाच एक सुंदर प्रयोगही आहे. एकाच पाकिटाचे पाच-सहा तुकडे घ्या, मार्चमध्ये खिडकीच्या काचेला आतून लावा, आणि दर पंधरा दिवसांनी एक काढून पुस्तकात ठेवा, मागे तारीख लिहून. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सगळे ओळीत मांडा. उन्हाळा कसा एकेक रंग खात गेला ते तारखेनिशी समोर येतं, आणि त्यातले मधले तुकडे, अर्धे उडालेले, हे विकत कुठेच न मिळणारे रंग असतात. माझ्या कामात मी तेच जास्त वापरते.

उरलेलं सामान रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवा, झाकणं एकीकडे, पाकिटं एकीकडे, आणि जे खरंच लागणार नाही ते स्वच्छ धुतलेलंच आहे, सुक्या कचऱ्यात वेगळं बांधून द्या म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना निवडायला सोपं जातं. त्यांना एखादा दिवस थांबवून विचारा, कुठल्या रंगाची झाकणं जास्त येतात, सणाच्या दिवसांत काय वेगळं येतं. रोज हे हाताळणाऱ्या माणसांना यातलं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असतं, आणि एखादा न मिळणारा जांभळा हवा असेल तर तो कुठे मिळेल हेही त्याच सांगू शकतात.